ब्रिटनच्या विद्यापीठांतलं अमेरिकन फुटबॉल : क्लब निघाले कसे, टिकले कसे, बुडतात कशाने

आडवा_पट्टा (धागाकर्ता)

एनएफएलचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगचे, लंडनमधले सामने हल्ली आपल्यातलेही बरेच जण बघतात. पण त्या देशातल्या विद्यापीठांत हा खेळ चाळीसेक वर्षं चाललाय, तोही चिखलात, रविवारी सकाळी, रग्बीच्या मैदानावर. त्या क्लबांविषयी हा धागा. इतिहास, सामान, मैदान, नियम, सगळं चालेल. एनएफएलमधल्या खेळाडूंच्या अदलाबदली आणि फँटसी लीग कृपया दुसरीकडे.

सुरुवात टीव्हीपासूनच करावी लागते. २ नोव्हेंबर १९८२ ला चॅनल फोर सुरू झालं. नव्या वाहिनीला इतरांकडे नसलेलं काहीतरी हवं होतं, म्हणून त्यांनी एनएफएलचा साप्ताहिक कार्यक्रम लावला. जानेवारी १९८३ च्या शेवटी वॉशिंग्टन विरुद्ध मायामी ही सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, थेट दाखवली. ऑगस्ट १९८३ मध्ये वेम्बलीवर मिनेसोटा वायकिंग्ज आणि सेंट लुईस कार्डिनल्स यांचा सरावसामना झाला. लंडन रेव्हन्स हा ब्रिटिश संघ त्याच काळातला. ३ ऑगस्ट १९८६ ला शिकागो बेअर्स आणि डॅलस काउबॉईज वेम्बलीत आले तेव्हा ८० हजारांवर प्रेक्षक होते.

त्याआधी हा खेळ तिथे नव्हताच असं नाही, पण तो सैनिकांचा होता. फेब्रुवारी १९४४ मध्ये लंडनच्या व्हाइट सिटी स्टेडियमवर कॅनडा आणि अमेरिकेच्या सैन्यांत ‘टी बोल’ झाला, तो कॅनडाने जिंकला. मार्चमध्ये ‘कॉफी बोल’मध्ये अमेरिकेने परतफेड केली. युद्धानंतर अमेरिकन हवाई तळांवर सामने चालू राहिले, पण कुंपणाच्या आत. स्थानिक पोरांच्या हाती हेल्मेट आलं ते टीव्हीनंतरच.

विद्यापीठांत १९८०च्या दशकाच्या मध्यावर क्लब निघू लागले. हल शार्क्स हे सर्वांत जुन्यांपैकी. न्यूकॅसल मरिनर्स, ग्लासगो टायगर्स, कार्डिफ कोब्राज ही नावंही जुनी. त्यांची लीग म्हणजे बीसीएएफएल, ब्रिटिश कॉलेजिएट अमेरिकन फुटबॉल लीग. बर्मिंगहॅम लायन्स १९८९ मध्ये आले, म्हणजे तसे उशिरानेच, आणि पुढे सगळ्यांना मागे टाकून विद्यापीठ फुटबॉलमधला सर्वाधिक यशस्वी क्लब झाले.

---

चौथा_डाउन

धागा मस्त. फक्त टीव्हीला जरा जास्तच श्रेय दिलंत असं वाटतं. टीव्हीने पोरं आणली, मान्य. क्लब टिकले ते कपाटामुळे. हेल्मेटं आणि पॅड ठेवायला विद्यापीठात कुलूपबंद जागा मिळाली तर क्लब वाचतो. नाही मिळाली की सामान कुणाच्यातरी भाड्याच्या घरी, मग पुढच्या भाडेकरूच्या गॅरेजात, मग गायब.

मुळात इंग्लंडमधली पदवी ३ वर्षांची. पहिलं वर्ष खेळ समजण्यात जातं, दुसऱ्यात पोरगा कामाचा होतो, तिसऱ्यात तो अध्यक्ष किंवा खजिनदार होतो आणि जूनमध्ये गाव सोडतो. म्हणजे दर ३ वर्षांनी सगळा संघ नवा आणि दरवर्षी सगळी समिती नवी. स्कॉटलंडमध्ये पदवी ४ वर्षांची, तेवढाच त्यांना एक हंगाम जास्त मिळतो. क्वार्टरबॅकच्या (आक्रमण चालवणारा, चेंडू फेकणारा) बाबतीत हा फरक फार मोठा असतो.

क्लब बुडतो तो बहुतेक वेळा मे ते सप्टेंबरमध्ये. कारणं ठरलेली:

बँकखात्यावर जुन्याच पदाधिकाऱ्यांच्या सह्या राहतात. हंगामाच्या शेवटी पोरांकडून सामान परत घेतलेलं नसतं. मैदानाचं आरक्षण उन्हाळ्यात करायचं असतं, ते कुणी केलेलं नसतं, आणि ऑक्टोबरमध्ये कळतं की रविवारचे सगळे तास हॉकी आणि लॅक्रोसला गेले. शिवाय स्टुडंट्स युनियनला सुरक्षिततेचं जोखीमपत्रक दिलेलं नसतं, म्हणून फ्रेशर्स फेअरला, म्हणजे नव्या विद्यार्थ्यांसाठीच्या क्लबांच्या मेळाव्याला, टेबलच मिळत नाही. आणि त्या टेबलावर नावं आली नाहीत तर तो हंगाम तिथेच संपला.

---

मितभाषी

रग्बीच्या देशात हे खेळायला पोरं येतात तरी कुठून?

---

चौथा_डाउन

@मितभाषी, रग्बीतून येतात, पण वाटतं तितकी नाही. चांगला रग्बीपटू रग्बीच खेळतो. इथे येतात ते शाळेच्या संघात जागा न मिळालेले, ॲथलेटिक्स सोडलेले, १२० किलोंचे आणि तोवर कुठल्याच खेळात न बोलावले गेलेले. शेवटचे सगळ्यांत मौल्यवान. आक्रमणाच्या फळीत दर डावाला ५ लाइनमन लागतातच, आणि त्यांना पर्याय नसतो. रिसीव्हर (चेंडू झेलणारा) जखमी झाला तर दुसरा सापडतो. सेंटर, म्हणजे फळीतला मधला, जखमी झाला की सामन्याचं वाटोळं, कारण प्रत्येक डाव त्याच्या स्नॅपने (चेंडू पायांमधून मागे देण्याने) सुरू होतो. म्हणून किमान ३ जणांना स्नॅप शिकवून ठेवायचा, त्यातला एक बचावफळीतला असला तरी चालेल.

कागदावर ११ अधिक ११ म्हणजे २२ पुरतात. प्रत्यक्षात ३५ खाली गेलात की तीच पोरं दोन्हीकडे खेळतात, चौथ्या क्वार्टरला दमतात, आणि दमलेला माणूस डोकं खाली घालून टॅकल करतो. दुखापती तिथून सुरू होतात.

---

घड्याळ_थांबवा

मैदानाविषयी लिहितो, कारण त्यात दरवर्षी तेच घोळ होतात.

अमेरिकन फुटबॉलचं मैदान १२० यार्ड लांब आणि ५३⅓ यार्ड रुंद, म्हणजे १०९.७३ बाय ४८.७७ मीटर. रग्बी युनियनचं मैदान ट्राय लाइन ते ट्राय लाइन जास्तीत जास्त १०० मीटर, रुंदी ७० च्या आत. रुंदीचा प्रश्न येत नाही, दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर उरतात. लांबी मात्र इन-गोलमध्ये, म्हणजे ट्राय लाइनच्या मागच्या पट्ट्यात, शिरते. म्हणून ट्राय लाइनपासून मोजायला सुरुवात करायची नाही. मैदानाचा मध्य काढायचा, तिथे ५० यार्डांची रेघ, आणि दोन्हीकडे ४५.७२ मीटरवर गोल लाइन.

आता खांब. रग्बीचे खांब ५.६ मीटर अंतरावर, आडवी दांडी ३ मीटरवर. अमेरिकन फुटबॉलचे १८ फूट ६ इंच म्हणजे ५.६४ मीटर, दांडी १० फुटांवर म्हणजे ३.०५. जवळपास तेच, म्हणून इतकी वर्षं रग्बीच्या खांबांवर भागलं. फरक जागेचा. अमेरिकन खांब एंड झोनच्या (गोल लाइनमागचा १० यार्डांचा पट्टा) मागच्या रेषेवर असतात, रग्बीचे ट्राय लाइनवर. १०० मीटरच्या मैदानात मध्यापासून मोजलंत तर खांब गोल लाइनच्या ४.२८ मीटर मागे, म्हणजे एंड झोनच्या ऐन मध्यावर येतात. दोन परिणाम. एक, फील्ड गोल (खांबांमधून लाथेने मारायचा) साधारण ५ यार्डांनी सोपा होतो. दोन, चेंडूकडे बघत पळणारा रिसीव्हर खांबावर आदळतो. पॅडिंग जमिनीपासून किमान ६ फूट उंच हवं, आणि रग्बीवाल्यांचं पॅडिंग मैदानावर आहे की त्यांच्या खोलीत कुलपात, हे शनिवारी बघून ठेवायचं. रविवारी सकाळी किल्लीवाला सापडत नाही.

रेषा दर ५ यार्डांनी. ५ यार्ड म्हणजे ४.५७ मीटर. मीटरची टेप घेऊन कुणी ‘पाच पाच’ करत गेला तर २० अंतरांत साडेआठ मीटर वाढतात आणि दुसरी गोल लाइन झाडीत जाते. टेप न हलवता शून्यापासून एकत्रित आकडे वाचायचे: ४.५७, ९.१४, १३.७२, १८.२९. प्रत्येक वेळी टेप उचलून पुढे ठेवली की चूक साठत जाते. चारही कोपरे झाले की कर्ण मोजा. दोन्ही १२०.०८ मीटर आले तर आयत काटकोनी आहे. रंग ओतायच्या आधी मोजा, नंतर मोजून काय उपयोग.

गोल लाइन धरून आडव्या २१ रेषा, मागच्या २, आणि दोन बाजू. एकूण साधारण १३४० मीटर रेघ होते, हॅश मार्क (डाव कुठून सुरू करायचा ते ठरवणाऱ्या छोट्या रेघा) वेगळे. हॅश बाजूरेषेपासून ६० फुटांवर, म्हणजे १८.२९ मीटर. टीव्हीवर एनएफएल बघून आलेले ते फार मधे काढतात. विद्यापीठांचा खेळ एनसीएएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज क्रीडासंस्थेच्या, नियमांवर चालतो, तिथे दोन हॅशमधलं अंतर ४० फूट आहे.

---

कोकणकडा

हे कर्णाचं भारी आहे. आपल्याकडे घराचा पाया आखताना गवंडी गुण्या लावून हेच करतो.

बाकी एनसीएए का? एनएफएलचे नियम का नाहीत?

---

घड्याळ_थांबवा

युरोपातलं बहुतेक हौशी फुटबॉल एनसीएएच्या पुस्तकावरच चालतं, स्थानिक बदल करून. एनएफएलचे नियम ५३ पगारी खेळाडू आणि पूर्ण पंचमंडळ गृहीत धरतात. एनसीएएत झेल घेताना एक पाय मैदानात पुरतो, एनएफएलला दोन लागतात. गुडघा टेकला की खेळाडू खाली, कुणी हात लावलेला असो वा नसो. बरोबरी झाली तर दोन्ही संघांना प्रतिस्पर्ध्याच्या २५ यार्ड रेषेवरून एकेक संधी, आणि तिसऱ्या जादा फेरीपासून फक्त दोन गुणांचा एकेक डाव. हे २०२१ पासून. हिवाळ्यात उजेड जातो म्हणून हा नियम ब्रिटनला फार सोयीचा आहे. डिसेंबरात लंडनला चारच्या आतच सूर्य मावळतो, ग्लासगोला त्याहून जरा आधी. सामना तीन तास घेतो. साडेबाराला किकऑफ ठरला असेल आणि पाहुण्यांची बस तास उशिरा आली, तर शेवटचं क्वार्टर अंधारात.

पंच बाफ्राचे असतात, म्हणजे ब्रिटिश अमेरिकन फुटबॉल रेफरीज असोसिएशनचे. ही माणसं आठवडाभर नोकरी करून रविवारी येतात. ब्रिटिश विद्यापीठांचे बहुतेक सांघिक खेळ बुधवारी दुपारी होतात, हा रविवारी. त्याची मोठी कारणं पंच आणि प्रशिक्षक, दोघांनाही बुधवारी रजा कोण देणार?

चेन, म्हणजे १० यार्ड मोजायची साखळी, सांभाळायला यजमान संघाने माणसं द्यायची असतात. दोन टोकांचे खांब, डाउन (१० यार्ड जायच्या चार संधींपैकी कितवी) दाखवणारा खांब आणि क्लिप. क्लिप सगळ्यात महत्त्वाची. साखळी जिथे ५ यार्डांच्या रेषेला छेदते तिथे क्लिप लावायची. मोजायला साखळी आत आणताना क्लिप त्याच रेषेवर ठेवली की दोन्ही टोकं पुन्हा बरोबर जागी येतात. क्लिप नाही लावली तर साखळी बाजूरेषेवरून आत येताना फूटभर इकडेतिकडे होते, आणि फर्स्ट डाउन कधीकधी चेंडूच्या नाकाएवढ्या अंतराने ठरतो. आदल्या रात्री जागलेली पोरं चेनवर उभी करू नयेत, एवढंच म्हणतो.

---

टी_नट

सामानावर कुणी लिहिलं नाही अजून, म्हणून लिहितो. जरा लांबेल.

हेल्मेटच्या कवचाच्या आत लेबल असतं, त्यावर बनावटीचं वर्ष. पहिलं काम म्हणजे प्रत्येक हेल्मेटला क्रमांक देऊन वही करणे: वर्ष, माप, कोणाला दिलं, शेवटची तपासणी कधी. अमेरिकेत हेल्मेटं दुरुस्त करून पुन्हा प्रमाणित करणाऱ्यांची संघटना १० वर्षांपेक्षा जुनं हेल्मेट घेतच नाही. ब्रिटनमधल्या क्लबांत जुना माल वारशाने येतो. कुठल्यातरी बंद पडलेल्या संघाची २० हेल्मेटं फुकट मिळतात आणि सगळे खूष होतात. आधी लेबलं बघा.

बसवायची पद्धत. भुवयांच्या इंचभर वर टेपने डोक्याचा घेर मोजा, त्यावरून कवचाचं माप. हेल्मेट चढवल्यावर पुढची कड भुवयांच्या साधारण दोन बोटं वर हवी. जॉ पॅड गालांना लागले पाहिजेत. मग हवेच्या कप्प्यात पंपाने हवा. सुई ग्लिसरीनमध्ये बुडवून घालायची, कोरडी घातली तर झडप फाटते आणि ते हेल्मेट दर रविवारी सैल पडतं. चारही पट्टे लावा, हनुवटीचा कप मधोमध. आता फेसमास्क धरून डावीउजवीकडे फिरवा. कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर हलली तर ठीक. कातडी जागेवर आणि हेल्मेट फिरतंय, तर सैल आहे. मागून वर ढकलून बघा, पुढे डोळ्यांवर येता कामा नये.

आणि हे खोलीत करून थांबू नका. गरम खोलीत भरलेली हवा थंडीत आकसते. चेंडूचंच गणित घ्या: २० अंशांत १३ पीएसआय भरलेला चेंडू ३ अंशांच्या मैदानावर ११.४ पर्यंत उतरतो. नियमात १२.५ ते १३.५ लागतो. हेल्मेटच्या कप्प्यांचंही तेच होतं. म्हणून वॉर्मअपनंतर मैदानावर पुन्हा तपासायचं. डिसेंबरात पोराने केस कापले तरी पुन्हा.

फेसमास्कचे स्क्रू कवचाच्या आतल्या टी-नटमध्ये बसतात. ब्रिटनच्या ओल्या हवेत ते गंजतात, मग स्क्रू फिरवला की नटही फिरतो आणि मास्क निघत नाही. मानेला दुखापत झालेल्या खेळाडूचा मास्क काढायची वेळ आली तर हे जिवाशी आहे. हंगामात एकदा सगळे स्क्रू सोडवून बघा, गंजलेले स्टेनलेसने बदला. बाजूरेषेवरच्या डब्यात: चार खाचांचा स्क्रूड्रायव्हर, जादा स्क्रू आणि टी-नट, हनुवटीचे पट्टे, बटणं, जॉ पॅड, पंप, सुया, खांद्याच्या पॅडच्या दोऱ्या.

कवच पॉलिकार्बोनेटचं असतं. थिनर, पेट्रोल, दुकानातला स्प्रे रंग यांनी ते आतून ठिसूळ होतं आणि वरून दिसत नाही. साबणपाणी आणि फडकं बस. स्क्रूच्या भोकांभोवती केसाएवढी चीर दिसली तर हेल्मेट बाद, टेप लावून खेळायचं नाही.

खांद्याचे पॅड ओले पिशवीत कोंबले की बुधवारपर्यंत बुरशी. दोरीवर उलटे टांगा, हीटरवर नको.

बाकी नितंब, माकडहाड, मांड्या, गुडघे यांचे पॅड सक्तीचे आहेत. माउथगार्ड पांढरा किंवा पारदर्शक चालत नाही, पंचांना लांबून दिसला पाहिजे. फ्रेशर्सना बूटकंपनी भेट देते ते पारदर्शकच असतात बहुधा.

---

मितभाषी

हे एवढं सगळं एक विद्यार्थी सांभाळतो?

---

टी_नट

हो. आणि त्याचं नाव संघाच्या फोटोत नसतं.

---

सेंटरबुवा

बुटांचं राहिलं. रग्बीवाले त्यांचे लांब स्टडवाले बूट घेऊन येतात. रग्बीत २१ मिलिमीटरपर्यंत चालतात, इथे मर्यादा अर्धा इंच, १२.७. पंचाने सामन्याआधी पाय उचलायला लावला की चार जणांना बूट नाहीत. चिखल असो, नियम तोच.

रग्बीतून आलेल्यांचं आणखी एक. टॅकल त्यांना येतो, आणि चांगला येतो, कारण त्यांना हेल्मेट न घालता डोकं बाजूला ठेवायची सवय असते. पण चेंडू नसलेल्या माणसाला अडवायचं म्हणजे त्यांच्या हिशेबी फाउल. ब्लॉक शिकवायला त्यांनाच सर्वांत वेळ लागतो. आणि एका डावानंतर उभं राहून पुढच्या डावाची वाट बघणं त्यांना कंटाळवाणं वाटतं, त्यातली निम्मी पोरं ख्रिसमसपर्यंत परत जातात.

फ्रेशर्स सप्टेंबर अखेर येतात, सामने नोव्हेंबरच्या आसपास सुरू होतात. हाती साधारण सहा आठवडे. तेवढ्यात शिकवण्यासारख्या चाली ८ ते १०. इनसाइड झोन, पॉवर, टॉस, एक बूटलेग, स्लँट, हिच, एक स्क्रीन. पहिल्या सामन्यात ४० चालींचं पुस्तक घेऊन गेलेला संघ पहिल्याच ड्राइव्हमध्ये चुकीच्या संरचनेचे दोन दंड खातो. निम्म्या प्लेबुकात पंट (चौथ्या डाउनला चेंडू लाथेने लांब पाठवणं) नसतो. चांगला लाँग स्नॅप १४ यार्ड मागे थेट हातात यायला हवा, ओल्या चेंडूने तो सहसा येत नाही, आणि डोक्यावरून गेलेला स्नॅप म्हणजे समोरच्यांना आयता टचडाउन. नवख्या संघाने मैदानाच्या मध्यावर चौथ्या डाउनलाही खेळायचं, हे अविचाराचं नव्हे, शहाणपणाचं आहे.

---

आडवा_पट्टा

@सेंटरबुवा, पंटबाबत असहमत. स्वतःच्या २० यार्डांवर चौथ्या डाउनला खेळणाऱ्यांचे स्कोअरकार्ड बघा. पण असो.

इतिहासाकडे परत येतो. १९८०च्या दशकाच्या अखेरीस प्रौढांच्या लीगा फुटल्या, जुळल्या, पुन्हा फुटल्या, आणि उत्साह ओसरला. १९९१ मध्ये एनएफएलच्या पाठिंब्याची वर्ल्ड लीग आली. लंडन मोनार्क्सनी पहिला वर्ल्ड बोल वेम्बलीत बार्सिलोनाला २१-० हरवून जिंकला. १९९६ चा स्कॉटिश क्लेमोर्सनी. चॅनल फोरने १९९८ मध्ये एनएफएल सोडलं. २००७ मध्ये एनएफएल युरोपा (वर्ल्ड लीगचंच पुढचं नाव) बंद झाली आणि त्याच ऑक्टोबरमध्ये वेम्बलीवर जायंट्स आणि डॉल्फिन्सचा पहिला नियमित सामना झाला.

या सगळ्या चढउतारांत विद्यापीठ लीग सलग चालू राहिली. प्रौढांची बीएएफएल एप्रिल २०१० मध्ये अचानक बंद पडली आणि राष्ट्रीय संघटनेला घाईने सामुदायिक लीग उभी करावी लागली. विद्यापीठांत मात्र बीसीएएफएलच्या जागी बीयूएएफएल आली आणि २०१२-१३ पासून हा खेळ बीयूसीएसमध्ये गेला, म्हणजे हॉकी, रोइंग, रग्बी ज्या संस्थेखाली आहेत त्याच ब्रिटिश विद्यापीठ-क्रीडासंस्थेत.

नावंही बदलली. न्यूकॅसल मरिनर्सचे रेडर्स झाले, लीड्स सेल्टिक्सचे ग्रिफन्स, कारण लीड्स विद्यापीठाचे सगळेच संघ आता ग्रिफन्स आहेत. ऑक्सफर्ड कॅव्हेलियर्सचे लान्सर्स. जुन्या निकालपत्रकात क्लब शोधताना हे माहीत नसेल तर वाटतं की तो बंदच पडला.

---

चौथा_डाउन

बीयूसीएसने फायदा झाला तसं नुकसानही झालं. फायदा असा की विजयाचे गुण विद्यापीठाच्या एकूण क्रमवारीत धरले जाऊ लागले. त्याआधी क्रीडा विभागाच्या लेखी हे लोक म्हणजे हेल्मेट घालून फिरणारे हौशी. गुण मिळायला लागल्यावर फिजिओ, वजनाची खोली, मैदानाचे बरे तास मिळाले.

नुकसान असं की ज्यांच्याकडे पैसा त्यांनी तो ओतला. काहींनी पगारी प्रशिक्षक ठेवले, काहींनी पदव्युत्तर शिष्यवृत्त्या देऊन अमेरिकेत कॉलेज फुटबॉल खेळलेली मुलं आणली. अशा क्वार्टरबॅकसमोर सहा आठवड्यांपूर्वी हेल्मेट पहिल्यांदा घातलेला कॉर्नरबॅक (रिसीव्हरला अडवणारा बचावपटू) उभा असतो. विभाग पाडलेत, प्रीमियर, पहिला, दुसरा, त्यामुळे थोडं सावरलं. पण वर चढलेला लहान क्लब पुढच्या वर्षी ०-५० च्या हिशेबात मार खातो, पोरं गळतात, आणि दोन वर्षांत पुन्हा खाली.

बर्मिंगहॅमचं यश मला पैशापेक्षा सातत्याचं वाटतं. सोडून गेलेले खेळाडू प्रशिक्षक म्हणून परत येण्याची रीत पडली की तीन वर्षांचं चक्र तुटतं. प्रौढांचा हंगाम उन्हाळ्यात आणि विद्यापीठांचा हिवाळ्यात, त्यामुळे एकच माणूस दोन्हीकडे शिकवू शकतो. जवळ बरा प्रौढ क्लब असलेलं विद्यापीठ सहसा बुडत नाही, हे नकाशा घेऊन बसलं तर दिसतं.

---

पोटोबा

भाचा सप्टेंबरमध्ये इंग्लंडला एमएस्सीला जातोय, एकच वर्षाचा कोर्स. ५ फूट ७ इंच, ६८ किलो, कॉलेजात कबड्डी खेळलाय. त्याला घेतील का? आणि व्हिसाची भानगड?

---

सेंटरबुवा

@पोटोबा, घेतील, आनंदाने. पदव्युत्तर विद्यार्थीही पूर्ण सभासद असतात. ६८ किलोला कॉर्नरबॅक, स्लॉट रिसीव्हर किंवा सेफ्टी. कबड्डीतला डावा-उजवा कोपरारक्षक असेल तर पायांची चपळाई आणि घोट्यावर झेपावणं कामी येईल. फक्त साखळी करून पकडण्याची सवय सोडावी लागेल, कारण इथे बऱ्याचदा मोकळ्या मैदानात एकटाच असतो.

वर्ष एकच असल्यामुळे त्याने पहिल्याच आठवड्यात यावं. पहिले दोन आठवडे पॅडशिवाय सराव असतो, तेव्हाच जागा ठरतात. हेल्मेट आणि खांद्याचे पॅड क्लब बहुधा अनामत घेऊन देतो. बूट, माउथगार्ड, गर्डल (पॅड बसवायची आतली चड्डी) स्वतःचं. भारतातून काही नेऊ नका, बुटांचे स्टड मात्र मोजून घ्या.

स्टुडंट व्हिसावर व्यावसायिक खेळाडू म्हणून किंवा क्रीडा प्रशिक्षक म्हणून काम करता येत नाही. विद्यापीठाच्या संघात हौशी म्हणून खेळायला हरकत नाही. उन्हाळ्यात एखाद्या क्लबाने मानधन देऊ केलं, किंवा शाळेत शिकवायला बोलावलं, तर आधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कक्षाला विचारावं.

---

घड्याळ_थांबवा

@पोटोबा, एक जोडतो. हेल्मेट कवटी फुटण्यापासून वाचवतं, मेंदूला बसणारा हिसका थांबवत नाही. ब्रिटनमध्ये २०२३ पासून हौशी खेळांसाठी एकच नियमावली आहे: शंका आली की बाहेर, त्या दिवशी परत नाही. पहिले २४ ते ४८ तास विश्रांती, मग टप्प्याटप्प्याने, आणि सामना २१ व्या दिवसाआधी नाही, तोही आधीचे १४ दिवस लक्षणं नसतील तरच. आठेक सामन्यांच्या हंगामात याचा अर्थ दोन-तीन सामने गेले. म्हणून पोरं लक्षणं लपवतात. प्रशिक्षकाने हंगामाच्या पहिल्या दिवशी सांगून टाकावं की लपवलं तर संघातून बाहेर.

डोकं खाली घालून हेल्मेटच्या टोकाने मारलं तर टार्गेटिंग, १५ यार्ड आणि थेट बाहेर. हा नियम २०१३ चा. तेव्हापासून टॅकलची शिकवणूकच बदलली.

---

कोकणकडा

अवांतर: आपल्याकडे काही आहे का यातलं?

---

आडवा_पट्टा

२०१२ मध्ये एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया आली होती, त्यात पुणे मराठाज आणि मुंबई ग्लॅडिएटर्स होते. फार चालली नाही.

पण मुंबईचा एक धागा थेट जुळतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन बीकेसीत भरलं होतं. २०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट घेतल्याची बातमी आपल्याकडे गाजली. त्याच ठरावात फ्लॅग फुटबॉलही होतं. पाच-पाच खेळाडू, कमरेला लोंबणाऱ्या दोन पट्ट्या, पट्टी ओढली की टॅकल. हेल्मेट नाही, पॅड नाही.

ब्रिटिश विद्यापीठांच्या दृष्टीने हे मोठं आहे. पूर्ण पोशाखाचा संघ उभा करायला ४० हेल्मेटं, बस, वैद्यकीय पथक, आणि कपाट लागतं. फ्लॅगला १० पोरं, एक चेंडू आणि पट्ट्यांचा एक डबा. मुलींना तर खेळात यायचा हाच मुख्य दरवाजा झालाय.

---

चौथा_डाउन

पण फ्लॅगमध्ये त्या १२० किलोंच्या पोराला जागा नाही. विद्यापीठाने पैसा तिकडे वळवला तर लाइनमन कुठे जाणार?

---

टी_नट

@चौथा_डाउन, तो मुद्दा आहेच. तोवर तुमच्या कपाटासाठी, जूनमध्ये सामान परत घेताना: पोरगा निकाल घ्यायला येतो त्याच दिवशी बोलवा, नंतर तो येत नाही. पॅड मोजताना दोन गुडघे, दोन मांड्या, माकडहाड एक, असं समोर मोजा. ‘पिशवीत आहे सगळं’ म्हणतो त्याच्या पिशवीत माकडहाडाचा पॅड नसतो. अनामत तिथल्या तिथे परत करा, आणि वहीची एक प्रत स्टुडंट्स युनियनच्या कार्यालयात ठेवा, अध्यक्षाच्या लॅपटॉपवर नको.